स्पोर्ट्स गाडीचे भाऊबंद

हॉर्निमन सर्कलजवळून व्हिंटेज गाड्यांची रॅली निघते तेव्हा कडेला जमलेल्यांचे प्रश्न ठरलेले असतात. किती सालची? कितीला घेतली? ॲव्हरेज काय देते? मालक या तिन्ही प्रश्नांची उत्तरं हसत देतो. चौथा प्रश्न मात्र बहुधा एखादा टॅक्सीवाला किंवा गॅरेजचा मिस्त्री विचारतो: "हिचा पार्ट मिळतो कुठे?"

"इंग्लंडहून मागवतो," असं रुबाबदार उत्तर मिळतं. ते अर्धंच खरं असतं. आयातीवर कडक बंधनं होती त्या काळात परदेशातून एक बेअरिंग आणणंसुद्धा मुश्कील होतं, तरीही मुंबईत एमजी आणि ट्रायम्फसारख्या दोन सीटच्या गाड्या चालत राहिल्या. हे जमलं कसं, ते कळलं की जुन्या स्पोर्ट्स गाडीची देखभालही निम्मी कळते. पार्ट गाडीच्या नावानं शोधला तर दुकानदार हात वर करतो. तोच कुळानं शोधला तर पुष्कळदा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर नाहीतर ऑपेरा हाऊसच्या एखाद्या दुकानात निघतो.

१. स्पोर्ट्स गाडी म्हणजे काय?

बुटका बांधा, लांब बॉनेट, उघडं छत आणि दोनच सीट पाहून ही गाडी कुठल्यातरी वेगळ्याच कारखान्यात जन्मली असावी असं वाटतं. पत्र्याखाली मात्र बहुतेक वेळा साध्या घरगुती गाडीचीच सामग्री असते. याचं कारण हिशोबाचं आहे. दोन सीटची गाडी खपणार थोडी. तेवढ्यासाठी नवं इंजिन, नवा गिअरबॉक्स आणि नवा ॲक्सल घडवणं मध्यम आकाराच्या कंपनीला परवडत नाही. म्हणून ती आपल्याच चार माणसांच्या गाडीचं इंजिन घेते, त्याला जास्त हवा-पेट्रोल ओढता येईल अशी तजवीज करते आणि हलक्या अंगाच्या गाडीत बसवते. एमजी हे नावच मुळी मॉरिस गॅरेजेसचं. ऑक्सफर्डमध्ये मॉरिसच्या गाड्या विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या गॅरेजातून ही स्पोर्ट्स गाडी निघाली.

फेरारीसारखे अपवाद आहेतच. पण ज्याच्याकडे फेरारी आहे त्याला हे प्रकरण वाचायची गरज नाही.

२. शिवडीला खोक्यांतून आलेल्या गाड्या

एका गाडीचा पार्ट दुसऱ्या गाडीला बसतो, यात आज कुणाला नवल वाटत नाही. मोटारीच्या बाल्यावस्थेत तसं नव्हतं. कारागीर प्रत्येक भाग कानशीनं घासून त्या त्या गाडीला बसवत असे, त्यामुळे एकाच कारखान्याच्या दोन गाड्यांचे भागही एकमेकींना लागत नसत. १९०८ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर तीन कॅडिलॅक गाड्या पूर्ण सुट्या करून त्यांचे भाग एकत्र मिसळले. त्यातले ८९ भाग बाजूला काढून त्यांच्या जागी विक्रेत्याकडचे तयार भाग घेतले आणि या खिचडीतून पुन्हा तीन गाड्या उभ्या केल्या. कानस न लावता जोडलेल्या त्या गाड्या ट्रॅकवर ५०० मैल पळाल्या. याबद्दल कॅडिलॅकला देवार ट्रॉफी मिळाली आणि पुढच्याच वर्षी जनरल मोटर्सनं ही कंपनी विकत घेतली.

याच जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये शिवडीला कारखाना काढला. जागेची निवड सरळ होती. बंदर जवळ, पोर्ट ट्रस्टची रेल्वे जवळ आणि परळ-लालबागच्या गिरण्यांमुळे पाना धरू शकणारे हात आसपास. शेवरोलेचे सुटे भाग जहाजातून खोक्यांत यायचे आणि इथे जोडून गाडी बाहेर पडायची. कुठलंही खोकं उघडा, त्यातला भाग कुठल्याही सांगाड्याला बसलाच पाहिजे, या भरवशावर हा सगळा धंदा उभा होता. स्वातंत्र्यानंतर सरकारनं धोरण बदललं. गाड्या नुसत्या जोडू नका, इथे बनवा. बनवायचा इरादा नसेल तर आवरा. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर जनरल मोटर्सनं गाशा गुंडाळला आणि १९५४ मध्ये शिवडीचा कारखाना बंद झाला.

शिवडीची शेवरोले ही काही स्पोर्ट्स गाडी नव्हे. तरी तिची कहाणी सांगायला हवी, कारण पुढची गंमत त्या धोरणातूनच झाली. मैदानात मोजक्या कंपन्या उरल्या आणि त्यांनी परदेशी गाड्यांची मोजकी इंजिनं उचलून वर्षानुवर्षं इथेच बनवली. इंग्लंड-इटलीत ती इंजिनं कधीच बाद झाली, आपल्याकडे मात्र तीस-तीस वर्षं त्यांचे पार्ट ताजे निघत राहिले. सामान्य ग्राहकानं या प्रकाराला नावं ठेवली, आणि ठेवायलाच हवी होती. जुनी स्पोर्ट्स गाडी बाळगणाऱ्याचं मात्र त्यातच फावलं.

३. कुळाची खूण: बोअर आणि स्ट्रोक

इंजिनाचं कूळ ओळखायला दोन मापं पुरतात. सिलिंडरचा व्यास म्हणजे बोअर. पिस्टन वरून खाली जितका सरकतो ते अंतर म्हणजे स्ट्रोक. व्यासाचा वर्ग करा, त्याला ०.७८५४ नं गुणा, मग स्ट्रोकनं गुणा. एका सिलिंडरचं आकारमान मिळतं. सिलिंडर चार असतील तर चारानं गुणा.

एमजीए ही १९५५ ला आलेली दोन सीटची गाडी घेऊ. तिचा बोअर ७.३०२५ सेंटिमीटर, स्ट्रोक ८.८९ सेंटिमीटर. एका सिलिंडरचे झाले सुमारे ३७२ घन सेंटिमीटर, चारांचे १४८९. हा १४८९ चा आकडा कुठल्याही जुन्या मिस्त्रीला सांगून पाहा, तो लगेच म्हणेल, "ही तर ॲम्बेसेडर!" आणि ते बरोबरच आहे. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं 'बी सीरिज' इंजिन एमजीएत होतं आणि १९५९ च्या सुमारास हिंदुस्थान मोटर्सनं तेच ॲम्बेसेडरला बसवलं. खासदारांना घेऊन फिरणारी पांढरी गाडी आणि गळ्यात स्कार्फ बांधून चालवायची एमजीए, दोघींच्या पोटात एकाच कुळाचं इंजिन. फरक होता तो एमजीएच्या दोन कार्बोरेटरांत, कॅमशाफ्टच्या ठेवणीत आणि कॉम्प्रेशनमध्ये.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचीही गोष्ट अशीच आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं फियाट ११०० घडवली, तीच पुढे पद्मिनी झाली. तिचा बोअर ६.८ आणि स्ट्रोक ७.५ सेंटिमीटर, हिशोब करा, १०८९ घन सेंटिमीटर येतात. १९५८ मध्ये इटलीत फॉर्म्युला ज्युनिअर नावाची शर्यत सुरू झाली तेव्हा नियम असा होता की इंजिन बाजारातल्या साध्या गाडीचंच हवं. मोडेनाच्या स्टँग्वेलिनीनं आपल्या एकसीटी रेसिंग गाडीत फियाट ११०० चंच इंजिन घातलं. दादर टीटीच्या स्टँडवर चालकाचा डोळा लागलेला असायचा ती टॅक्सी त्या शर्यतीच्या गाडीची सख्खी चुलत बहीण. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली.

तिसरं कूळ मद्रासचं. स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सनं १९६१ पासून स्टँडर्ड हेराल्ड बनवली. इंग्लंडमध्ये याच हेराल्डच्या सांगाड्यावरून १९६२ मध्ये ट्रायम्फ स्पिटफायर ही स्पोर्ट्स गाडी निघाली, आणि दोघींच्या पुढच्या चाकांची जोडणी एकाच घराण्याची.

कूळ नसलं की काय होतं, याचं उदाहरण आपल्या शेजारीच आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची फायबर अंगाची दोन सीटची गाडी बनू लागली. गाडी देखणी, इंजिन रेनॉचं, ११४९ घन सेंटिमीटरचं. पण त्या इंजिनाची टॅक्सी आपल्या रस्त्यांवर कधी धावली नाही. त्यामुळे एमजीएहून चाळीस वर्षांनी धाकटी असूनही पार्टच्या बाबतीत ती पोरकी.

४. भाऊ म्हणून आंधळेपणानं बसवू नका

एमजीए नंतर आली एमजीबी. तिचा स्ट्रोकही ८.८९ सेंटिमीटरच, म्हणजे बरोबर साडेतीन इंच. बोअर मात्र वाढून सुमारे ८.०३ झाला आणि इंजिन १७९८ घन सेंटिमीटरचं. कूळ तेच. म्हणून ॲम्बेसेडरचे क्रँक बेअरिंग हिला लागतील असं वाटतं, पण लागत नाहीत, कारण वाढलेली ताकद पेलायला क्रँकशाफ्टची जर्नल्स, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग, जाड केली होती. त्यातही आधीच्या एमजीबीला तीन मेन बेअरिंग, नंतरच्यांना पाच.

म्हणून मिस्त्री जुना पार्ट कापडात गुंडाळून दुकानात नेतो आणि व्हर्नियर लावून नव्याशी ताडतो. पिस्टन असेल तर तीन गोष्टी पाहायच्या: व्यास, पिनच्या मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची आणि माथ्याचा आकार. उंची किंवा माथा बदलला की कॉम्प्रेशन बदलतं. झिजलेला सिलिंडर बोअर करून वाढवला असेल तर पिस्टनही 'वीस थाऊ', 'चाळीस थाऊ' असा मोठा घ्यावा लागतो. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. एमजीएचं इंजिन वीस थाऊ वाढवलं की १४८९ चे १५१० घन सेंटिमीटर होतात. जुनं इंजिन उघडण्याआधी कुणीतरी आधीच बोअर मारलाय का, हे जाणून घ्यायचं ते याचसाठी.

जो भाग कुठेच मिळत नाही तो बनवून घ्यायचा. शिवडीच्या दक्षिणेला दारूखान्यात आणि रे रोडच्या बाजूला लेथवर काम करणारे टर्नर आहेत. बुश, पिन, स्पेसर असल्या गोल वस्तू नमुन्यावरून उत्तम होतात. ब्रेकचे आणि स्टिअरिंगचे भाग मात्र असे बनवून घेऊ नयेत. तिथे धातू कुठला आणि त्याला पाणी कसं दिलंय, हे नुसतं बघून कळत नाही.

५. पाना कुठला?

आपल्याकडच्या घरातल्या संचात मिलिमीटरचे पाने असतात. ब्रिटिश गाडीच्या नटांचे माथे इंचांत. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, म्हणजे १९ चा पाना छान बसतो आणि माणूस निर्धास्त होतो. पुढचा नट नऊ-सोळांश इंचाचा निघतो, म्हणजे १४.२९ मिलिमीटर. १४ चा पाना चढत नाही, १५ चा फिरतो आणि नटाचे कोपरे खाऊन टाकतो. इंची पान्यांचा वेगळा संच घ्या. खर्च एकदाच आहे. एमजीएच्या आधीच्या टी मालिकेच्या गाड्यांत तर अजबच प्रकार: इंजिनाच्या बोल्टचे आटे मेट्रिक आणि माथे व्हिटवर्थ नावाच्या जुन्या ब्रिटिश मापाचे. तिथे मेट्रिक पानाही चालत नाही आणि साधा इंचीही.

६. पार्ट बदलण्याआधी जुळवून पाहा

गाडी धक्के देते, बंद पडते, धूर टाकते, म्हणून लोक पार्ट बदलायला धावतात. कित्येकदा काहीच बदलावं लागत नाही. जुन्या इंजिनात जुळवणीच्या तीन जागा असतात आणि त्या क्रमानंच घ्यायच्या.

आधी टॅपेट. इंजिनात हवा घेणारे आणि धूर सोडणारे व्हॉल्व्ह उघडण्यासाठी वर रॉकर असतो. रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यात कागदाएवढी फट ठेवावी लागते, कारण तापल्यावर धातू फुगतो. एमजीएची फट गरम इंजिनावर १७ थाऊ, एमजीबीची थंड इंजिनावर १५ थाऊ. फट मोठी झाली की टकटक ऐकू येते. लहान झाली की आवाज होत नाही, पण व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि जळतो. म्हणून टकटकणाऱ्या इंजिनापेक्षा अचानक शांत झालेल्या इंजिनाची मला जास्त धास्ती वाटते. बी सीरिजला आठ व्हॉल्व्ह असतात, त्यांच्यासाठी नऊची युक्ती आहे. इंजिन हातानं फिरवत राहायचं. १ नंबरचा व्हॉल्व्ह पूर्ण दाबला गेला की ८ नंबरची फट मोजायची, ३ दाबला की ६ ची, ५ दाबला की ४ ची. बेरीज नेहमी नऊ.

दुसरी जागा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत डिलको. त्यातले दोन पॉइंट उघडझाप करतात तेव्हा ठिणगी पडते. ल्युकस कंपनीच्या डिलकोत ते पूर्ण उघडल्यावर मधली फट १४ ते १६ थाऊ हवी. पॉइंट काळे पडले असतील तर बारीक पॉलिश पेपर मारा, खड्डा पडला असेल तर बदला. इथेच आणखी एक सावधगिरी: एमजीएच्या बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं, आजच्या गाड्यांच्या नेमकं उलट. हे न पाहता आजचं इलेक्ट्रॉनिक इग्निशन जोडलं की ते पहिल्याच किल्लीला जातं.

कार्बोरेटर शेवटी. लोक सुरुवात तिथूनच करतात, कारण स्क्रू दिसतो आणि फिरवायला सोपा असतो. एमजीला दोन एसयू कार्बोरेटर. एसयूमध्ये एक पिस्टन हवेच्या ओढीनुसार वरखाली होतो, त्याची निमुळती सुई पेट्रोलच्या जेटमध्ये सरकते आणि जितकी हवा तितकं पेट्रोल मिळतं. दोघांनी सारखाच श्वास घेतला पाहिजे. रबरी नळीचं एक टोक कानाशी आणि दुसरं एकेका कार्बोरेटरच्या तोंडाशी धरा. फुसफुस सारखी येईपर्यंत थ्रॉटल जुळवा. मग पिस्टन जेमतेम मिलिमीटरभर उचला. इंजिनाचा वेग वाढून वाढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त आहे. लगेच पडला तर कमी. किंचित वाढून पूर्ववत झाला तर जुळलं. पिस्टनच्या वरच्या नळकांड्यात पातळ तेल असतं ते बघायला विसरू नका. ते आटलं की ॲक्सिलरेटर दाबताच गाडी अडखळते.

७. वीस टक्के इथेनॉलचं काय?

हा प्रश्न गेल्या काही वर्षांतला. फेब्रुवारी २०२३ पासून देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल विकायला सुरुवात झाली आणि आता पंपावर तेच मिळतं. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलला ९ किलो पुरते. २० टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. पण जुन्या कार्बोरेटरला हे माहीत नसतं. तो ठरलेल्या जेटमधून जुन्याच हिशोबानं इंधन सोडतो, त्यामुळे मिश्रण सुमारे ८ टक्के पातळ होतं आणि इंजिन तापतं. एसयूचा जेटचा नट एक-एक पैलू खाली फिरवा आणि वर सांगितलेली पिस्टनची परीक्षा पुन्हा घ्या.

जेट जुळवणं त्यातल्या त्यात सोपं. जुनं रबर आणि बुचाच्या लाकडाची पॅकिंग इथेनॉलमध्ये मऊ पडतात, गळतात. पेट्रोलचे सगळे पाइप इथेनॉल सोसणारे घ्यावेत. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं. गाडी पावसाळाभर झाकून ठेवली तर ते पाणी इथेनॉलसह टाकीच्या तळाशी बसतं आणि टाकी आतून गंजते. कार्बोरेटरमध्येही तेच होतं, म्हणून जूनच्या आधी त्याची फ्लोटची वाटी रिकामी करा.

८. ब्रेक: इथे काटकसर नको

ब्रेक ऑइल पावसाळ्यात बरणीतलं मीठ सादळावं तसं सादळतं. रबरी होजमधून, टाकीच्या झाकणातून ते हवेतली ओल शोषत राहतं. शिवडीसारख्या खाडीकाठच्या दमट हवेत तर जास्तच. डॉट ३ दर्जाचं ताजं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओल शोषल्यावर ही मर्यादा १४० वर येते. घाट उतरताना ड्रम तापतात, ऑइलमधलं पाणी उकळतं, त्याची वाफ होते आणि वाफ दाबली जाते. पेडल सरळ खाली जातं. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं, गाडी चालली असो वा नसो.

व्हील सिलिंडरमधले रबरी कप बदलताना ते पेट्रोलनं किंवा रॉकेलनं धुऊ नका, फुगतात. ताज्या ब्रेक ऑइलनंच पुसा. मग हवा काढायची, ती मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरू करून. सांडलेलं ऑइल रंग उचलतं, तेव्हा जवळ पाण्याची बादली ठेवा.

ग्रीसबद्दल एकच सांगतो, कारण तिथे मोठे अपघात झालेत. स्पिटफायर आणि हेराल्डच्या पुढच्या चाकाखाली पितळेचा ट्रनियन असतो; चाक वळतं ते त्याच्या आट्यांवर. तिथे निपल दिसतं म्हणून पोरगा ग्रीसगन लावतो. तिथे ग्रीस नव्हे, गिअरचं जाड ९० नंबरचं तेल घालायचं असतं. ग्रीस आट्यांत पोचत नाही, आत पाणी साचतं, आटे गंजतात आणि एके दिवशी वळणावर सांधा तुटून चाक आडवं होतं.

९. किती बदललं तर गाडी 'तीच' राहते?

तत्त्वज्ञानाचा वाटणारा हा प्रश्न आता आरटीओचा आहे. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, फेरनोंदणीला ५,००० रुपये. अशी गाडी रोज वापरायची नसते. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर काढायची.

यातून भाऊबंदकीची मर्यादाही ठरते. ॲम्बेसेडरची बेअरिंग किंवा रिंगा एमजीएत घातल्या तर ती देखभाल झाली. अख्खं ॲम्बेसेडरचं इंजिन उचलून बसवलं तर ब्लॉकवरचा क्रमांक आरसी बुकाशी जुळत नाही आणि मूळ रूपाचा दावाही अडचणीत येतो. गेल्या पिढीतल्या कित्येक मालकांनी नाइलाजानं हे केलेलं आहे. त्यामुळे जुनी स्पोर्ट्स गाडी विकत घेताना रंग आणि चामडं नंतर पाहा. आधी टॉर्च घेऊन ब्लॉकवरची क्रमांकाची पट्टी शोधा, ग्रीस पुसून आकडा वाचा आणि आरसीशी ताडून मगच किमतीचं बोला. मूळ ब्लॉक मालकाच्या गोदामात कोपऱ्यात पडलेला असेल, तर तो भंगाराच्या भावानं का होईना, सौद्यात धरून घ्या.